फिदेंसियो पूर्वी प्यायचा

इंग्रजीत जुन्या सवयी सांगायची एक सोय आहे. वाक्यात 'यूज्ड टू' घातलं की ती गोष्ट पूर्वी होती आणि आता नाही, असं ऐकणाऱ्यानं समजून घ्यायचं. पूर्वी मी पोहायचो. पूर्वी आमच्याकडे गाढव होतं. पुस्तक परदेशात छापलंय. जिथं सगळे एकमेकांना ओळखतात अशा गावात हा धडा कसा शिकवायचा, याचा विचार ते लिहिणाऱ्यानं केलेला दिसत नाही. आमचा न्हावी एवारिस्तो उठून म्हणाला, पूर्वी मी रोज चर्चला जायचो. त्याचं व्याकरण तपासायच्या आत मागून तिघांनी त्याला विचारलं, कधी, आणि कुठल्या चर्चला.

वर्ग नगरपालिकेचा आहे. डोंगरापलीकडे मोठं हॉटेल होणार, गावाला इंग्रजी लागणार, म्हणून तो सुरू झाला. हॉटेल झालं नाही. वर्ग बंद करायला कुणाची तरी सही लागते, ती करायला कुणी तयार नाही, म्हणून मी शिकवतो. जागा जनावरांच्या डॉक्टरची. फळ्याशेजारी गायीच्या पोटाचा रंगीत तक्ता टांगलेला आहे आणि नवीन येणारा प्रत्येक जण पहिल्या दिवशी तो वहीत उतरवून घेतो.

तर न्हाव्यानंतर फिदेंसियो उभा राहिला. हा गावच्या बँडमध्ये तुबा वाजवतो. तुबा म्हणजे अंगाभोवती वेटोळं घालून बसणारं ते भलंमोठं पितळी वाद्य. फिदेंसियो स्वच्छ इंग्रजीत म्हणाला, "आय यूज्ड टू ड्रिंक."

कुणी हसलं नाही, कारण पुढच्या बाकावर हेरलिंदा बसली होती. हेरलिंदा त्याची बायको. त्याच्या पिण्याला कंटाळून ती घर सोडून दोन गल्ल्या वर बहिणीकडे राहायला गेली, त्याला वर्षाहून जास्त झालं. तेव्हापासून नवराबायकोत बोलणं नाही. दोघंही वर्गाला मात्र न चुकता येतात. जोडीजोडीनं प्रश्नोत्तरं करायचा पाठ असला की ती त्याला इंग्रजीत विचारते, छपराचं गळणं थांबलं का, आणि तो इंग्रजीत सांगतो की मांजराला पिल्लं झाली. इतका मन लावून अभ्यास करणारे विद्यार्थी मला दुसरे मिळाले नाहीत.

हेरलिंदानं मागं वळून पाहिलं नाही. ती मला म्हणाली, "मास्तर, हे वाक्य चूक आहे."

मी म्हटलं, वाक्य बरोबर आहे.

"मग पुस्तक चूक आहे. ह्याचं पिणं संपलेलं नाही. सान मिगेलच्या जत्रेपर्यंत थांबलंय."

ते खरं होतं. आमच्याकडे माणूस दारू स्वतः होऊन सोडत नाही. तो पाद्रीकडे जातो, व्हर्जिनच्या, म्हणजे कुमारी मातेच्या, मूर्तीपुढे गुडघे टेकतो आणि मुदत ठरवून शपथ घेतो. सहा महिने, वर्ष, ज्याला जेवढं झेपेल तेवढं. पाद्री एक छापील कार्ड देतो, ते खिशात ठेवायचं. कुणी पेला पुढं केला की कार्ड दाखवायचं. मग समोरचा टोपी काढतो आणि पेला स्वतः पितो. शपथेवरच्या माणसाला कुणी आग्रह करत नाही, कुणी चिडवत नाही. एवढी सभ्यता आमच्याकडे दुसऱ्या कुठल्याच बाबतीत पाळली जात नाही. मुदत संपली की मात्र मित्र बाटली घेऊन चर्चच्या दारात उभे राहतात, आणि पहिला पेला कोम्पाद्रेच्या हातून घ्यायचा असतो. कोम्पाद्रे म्हणजे तुमच्या मुलाच्या बाप्तिस्म्याला धर्मबाप म्हणून उभा राहिलेला माणूस, भावाहून जवळचा. फिदेंसियोनं अशी शपथ पूर्वीही घेतली होती, आणि प्रत्येक वेळी मुदत संपल्यावर साठलेली सगळी तहान एका आठवड्यात भागवली होती. हेरलिंदानं बहिणीला निक्षून सांगितलं होतं, दारू सुटली तरच घरी जाईन, आणि सुटली म्हणजे सुटली, रजेवर गेलेली चालणार नाही.

वर्ग सुटल्यावर फिदेंसियो माझ्याबरोबर चौकापर्यंत चालत आला. म्हणाला, या वेळी शपथ वाढवून घेणार नाही.

मी विचारलं, म्हणजे परत पिणार?

तो म्हणाला नाही, पिणारही नाही. मी थांबलो. हा प्रकार आमच्या गावात यापूर्वी झालेला नव्हता.

"वर्षभर कुणी पेला दिला की मी कार्ड दाखवत आलो, मास्तर. नको म्हणायची ती व्हर्जिन. मी नुसता खिशात हात घालत होतो. हेरलिंदा बरोबर बोलते. मी कुठं सोडलीय अजून."

मी शिकलेला माणूस असल्यामुळे सावध सल्ला दिला. म्हटलं, कार्ड घेऊन ठेव, असलेलं बरं. तो हो म्हणाला नाही. मी घरी जाऊन ही हकिगत फक्त बायकोला सांगितली, त्यामुळे संध्याकाळच्या आत ती हेरलिंदाला समजली. दुसऱ्या दिवशी हेरलिंदा वर्गात येऊन बसली आणि कुणीही काही विचारलेलं नसताना म्हणाली, कार्डाशिवाय म्हणे. इंग्रजी राहू दे, ह्याला 'नको' हा शब्द स्पॅनिशमध्ये तरी येतो का.

जत्रेच्या दिवशी मोठी प्रार्थना आटोपली आणि फिदेंसियोची शपथ संपली. चर्चच्या पायऱ्यांखाली त्याचा कोम्पाद्रे नाबोर मेस्कालची बाटली आणि पेला घेऊन उभा होता. नाबोर बँडमध्ये ट्रम्पेट वाजवतो. सगळा बँड त्याच्या मागं होता. समोरच्या बाजूला हेरलिंदा आणि तिची बहीण तामालेस, म्हणजे मक्याच्या पानात उकडलेले पिठाचे पुडे, विकत बसल्या होत्या. हेरलिंदा गिऱ्हाइकाला एकाच्या जागी दोन देत होती आणि गिऱ्हाइक काही बोलत नव्हतं.

नाबोरनं पेला भरला. "या कोम्पाद्रे. आलात एकदाचे माणसांत."

"नको, कोम्पाद्रे."

"अरे वा, परत घेतलीत शपथ? मग काय बोलणंच संपलं. दाखवा कार्ड."

"शपथ नाही घेतली."

"डॉक्टरांनी सांगितलंय?"

"नाही. मला नकोय."

नाबोरला हे समजायला वेळ लागला. व्हर्जिन नाही म्हणाली तर त्यात अपमान नसतो, तिचं सगळ्यांशीच तसं आहे. पण माणूस स्वतःच्या तोंडानं नाही म्हणतो, तेव्हा तो कुणाला तरी म्हणतो. नाबोरनं पेला तसाच धरून ठेवला. फिदेंसियोचे हात खाली होते, आणि उजवा हात दोनदा खिशाकडे जाऊन परत आला. खिशात काही नव्हतं.

शेवटी नाबोरनं पेला जमिनीवर ओतला. आमच्याकडे मेलेल्यांसाठी तसं ओततात. "माझा एक कोम्पाद्रे होता," तो मागच्या लोकांना म्हणाला, "चांगला माणूस होता."

मग बँड वाजला, कारण पैसे आधीच घेतले होते. अंधार पडेपर्यंत नाबोर फिदेंसियोकडे पाठ करून ट्रम्पेट वाजवत होता. दर विश्रांतीला बाटली फिरायची आणि फिदेंसियोला वगळून पुढं जायची. तो तुबा मांडीवर घेऊन एकटा बसून राहायचा. मला वाटलं, हेरलिंदा आता त्याच्यासाठी काही गरम पाठवील. तिनं काही पाठवलं नाही. ती नुसती बघत होती, आणि त्या दिवशी तिचा धंदा बुडाला.

जत्रेनंतर हेरलिंदा पाद्रीकडे गेली आणि मला शपथ घ्यायची आहे म्हणाली. पाद्रीनं ही हकिगत नंतर गावात अनेकांना सांगितली, कारण ती गुप्त राखायच्या कबुलीजबाबात मोडत नाही असं त्याचं मत पडलं. त्यानं विचारलं, तुम्ही कधीपासून प्यायला लागलात?

ती म्हणाली, दारूची नाही, नवऱ्यापाशी राहण्याची घ्यायची आहे.

"बाई, ती तुम्ही लग्नात घेतलीत की."

"तिला मुदत नव्हती, म्हणून मोडली. ही मुदतीची द्या. फेब्रुवारीतल्या कांदेलारियाच्या सणापर्यंत."

रविवारी ती सामान घेऊन घरी आली. पेटीचं दुसरं टोक माझ्या हातात होतं, म्हणून पुढचं मला ऐकू आलं. फिदेंसियो दारात उभा होता. तिनं मुदत सांगितली. त्यानं विचारलं,

"आणि कांदेलारियानंतर?"

"पुढच्या जत्रेला तू काय करशील, ते मी विचारलं का?"

त्यानं थोडा विचार केला आणि नाही म्हणून मान हलवली. मग तिच्या डोक्यावरचा मातीचा तवा उतरवून घेतला आणि तो कुठं ठेवायचा ते विचारत आत गेला. ती म्हणाली, होता तिथं. त्या जागी आता मांजराची पिल्लं होती, त्यामुळे दोघांना बराच वेळ बोलावं लागलं.