कळलं, कळलं

थोरलीच्या पोटात दुखत होतं, आणि या दुखण्यावर औषधाच्या दुकानात गोळी मिळत नाही. दुखण्याचं कारण घरातच होतं. तिची धाकटी जाऊ.

मुलं हाताशी आल्यावर अर्धवट सुटलेलं शिक्षण पुन्हा धरावं, हे या घरात आधी कुणाच्या डोक्यात आलं? थोरलीच्या. सासूबाईंची मनधरणी कुणी केली? थोरलीने. मध्येच शिक्षण सोडून परतलेल्या बायकांसाठी विद्यापीठात एक निधी आहे आणि त्यातून फी भागते, हे या खिडकीवरून त्या खिडकीवर हेलपाटे घालून कुणी शोधून काढलं? तिनेच. मग एक दिवस धाकटीने विचारलं, ताई, मीही नाव घालू का? थोरलीने मोठ्या मनाने हो म्हटलं. मोठं मन असं महागात पडतं बघा. वर्ष सरायच्या आत धाकटी वर्गात पहिली आली, आणि सासूबाई शेजारणीला सांगताना आधी तिचं नाव घेऊ लागल्या. कानामागून आली आणि तिखट झाली, दुसरं काय.

एवढ्यावर भागलं असतं तरी थोरलीने गिळलं असतं. पण विद्यापीठाच्या ग्रंथालयाखाली एक मदत खोली होती. अभ्यासात अडलेल्यांनी तिथे जायचं आणि हुशार विद्यार्थ्यांनी त्यांना समजावून द्यायचं. समजावणाऱ्याला सोबती म्हणत, आणि या कामाबद्दल त्याची फी माफ होई. धाकटी संख्याशास्त्राची सोबती झाली. म्हणजे थोरलीची फी निधीतून, लोकांच्या कृपेने; आणि धाकटीची स्वतःच्या अकलेवर. हा फरक घरात कुणी बोलून दाखवला नाही. थोरलीला तो न बोलताच ऐकू येई.

रात्रीच्या जेवणाला धाकटी तिथल्या गमती सांगत बसे. आमच्याकडे 'कळलं का' असं विचारायचंच नाही, म्हणे. लाजेपोटी सगळेच हो म्हणतात. विचारायचं ते 'कुठे अडलं?' शिवाय तिने स्वतःची एक खूण शोधली होती. ज्याला खरंच कळतं तो एकदाच म्हणतो, कळलं. जो 'कळलं, कळलं' म्हणतो, त्याच्या डोक्यात काडीचा उजेड पडलेला नसतो. सासूबाई खो खो हसल्या. थोरलीचा नवराही हसला. थोरली तेवढी रिकामी ताटं उचलायला उठली, कारण ती नेमकी संख्याशास्त्रातच आपटली होती.

हे घरात कुणाला ठाऊक नव्हतं. पेपर कसा गेला, असं सासूबाईंनी विचारलं तेव्हा तिने 'चांगला गेला, चांगला गेला' म्हणून विषय मिटवला होता. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण मदत खोलीच्या प्रमुख बाईंनी, निधीचं कामही त्याच बघत, तिला बोलावून स्पष्ट सांगितलं होतं की फेरपरीक्षेत पास झालात तर निधी चालू राहील, नाहीतर बंद. निधी बंद म्हणजे शिक्षण बंद; फीसाठी घरातून पैसे सुटणार नव्हते, हे सासूबाईंनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं. बाई चांगल्या होत्या. म्हणाल्या, तुमच्या जाऊबाईंकडेच का बसत नाही? थोरली म्हणाली, माझं मी बघते.

अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. गाढवाचे असते तर तिने धरलेही असते. पण जावेचे? जिला हिने शर्टाला बटण लावायला शिकवलं, तिचे?

म्हणून धाकटी नसेल ती वेळ साधून थोरली दुसऱ्या एका सोबतीकडे जाऊ लागली. मुलगी होती चष्मेवाली, थोरलीच्या लेकीच्या वयाची. ती विचारी, कुठे अडलं? थोरलीला सांगता येत नसे. अडलं कुठे हे सांगायलासुद्धा थोडंफार कळावं लागतं. मग ती मान हलवून म्हणे, "कळलं, कळलं," आणि चष्मेवाली पान उलटवी.

एका गुरुवारी खोलीच्या काचेतून तिला धाकटी दिसली. कोपऱ्यातल्या टेबलाशी एकटीच, समोरची खुर्ची रिकामी. शिकवणं नाही, काही नाही. पुढच्या गुरुवारीही तेच. एक विद्यार्थी येऊन त्या खुर्चीत बसायला गेला, तर धाकटीने त्याला हसून दुसऱ्या टेबलाकडे पाठवलं. थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. आम्ही इथे डोकं फोडतोय, आणि ही बसून फी माफ करून घेतेय, वर नखरे करतेय. तिने मागचापुढचा विचार केला नाही. तडक बाईंकडे गेली.

आणि बोलली मात्र साखर पेरून. बोलू नये, पण घरचं माणूस म्हणून सांगते, तिच्यावर फार भार पडतोय. गुरुवारी तर ती नुसती बसून असते, येणाऱ्यालाही परत पाठवते. तो तास काढलात तर तिलाही बरं पडेल. बाई म्हणाल्या, बरं झालं सांगितलंत, टेबल मला हवंच होतं. त्या दिवशी थोरली गाणं गुणगुणत घरी आली.

पुढच्या गुरुवारी संध्याकाळी दोघी ओट्याशी उभ्या होत्या. थोरली भांडी घासत होती, धाकटी पुसून ठेवत होती. धाकटीने ताटं पुसून एकावर एक रचली. मग म्हणाली,

"माझं गुरुवारचं टेबल काढून घेतलं, ताई. घरच्याच कुणी सांगितलं म्हणे, मी रिकामी बसते."

थोरलीने नळ मोठा केला.

"तो तास फीमाफीच्या कामातला नव्हता. बाईंकडून मी वरचा मागून घेतला होता. एक जण आहे, विचारायला लाजते, पण खुर्ची रिकामी दिसली तर एखाद दिवशी येऊन बसेल, असं सांगून."

"कोण गं?" थोरलीने विचारलं. विचारताना तिचा आवाज तिलाच परका वाटला.

"तुम्ही 'चांगला गेला, चांगला गेला' म्हणालात ना, त्याच दिवशी मी ओळखलं. गुरुवारी काचेबाहेर दिसायचात. वाटायचं, आज आत याल."

फेरपरीक्षा चार दिवसांवर होती. थोरलीला धाकटीचा हात धरून सांगावंसं वाटलं की बाई गं, मला पहिल्या धड्यापासून काही येत नाही, बस माझ्याजवळ. तोंडातून निघालं ते भलतंच.

"अगं, मी तुझ्या भल्यासाठीच बोलले. केवढी दमतेस, घरचं, तिथलं. तुझ्यावर भार नको म्हणून. दुसरं काही नव्हतं मनात."

धाकटीने ते सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. हातातलं फडकं झटकून दोरीवर टाकलं.

"कळलं," ती म्हणाली, आणि आत निघून गेली.

थोरली ओलं पातेलं हातात धरून दुसऱ्या 'कळलं'ची वाट बघत उभी राहिली.