हरणाऱ्यांचं साल

वरवट बकालच्या क्रिकेट टीमचे कॅप्टन पंजाबराव पन्नाशीच्या पुढचे, पोट सुटलेले गृहस्थ होते. विकेटकीपरचे हातमोजे त्यांनी आजवर कोणाच्या हाती जाऊ दिले नव्हते. दिवाळीनंतर परिसरातल्या गावांची टेनिस बॉलची टूर्नामेंट व्हायची. वरवटची टीम जवळपास दरवर्षी फायनलला जायची आणि फायनल हरायची. कधी एका रनाने, कधी एका कॅचने. एकदा तर समोरच्या टीमचे सातच गडी आले होते, तरी हरले.

२०२५ साली मात्र पंजाबरावांच्या डोक्यात काही वेगळंच शिरलं. मे महिना संपताना पेपरात बातमी आली, की पॅरिसच्या फुटबॉल क्लबने युरोपचा कप पहिल्यांदाच जिंकला. फुटबॉलशी पंजाबरावांचा काही संबंध नव्हता, पण एवढी वर्षं हरून अखेर जिंकले, हे त्यांच्या मनाला भिडलं. तीनच दिवसांनी बंगलोरवाले अठराव्या हंगामात आयपीएल जिंकले. पाठोपाठ दक्षिण आफ्रिका कसोटीची जगज्जेती झाली. ऐन वेळी कच खाणारे म्हणून साऱ्या जगाने ज्यांची टर उडवली, ते आफ्रिकावाले. पंजाबरावांनी पेपर मांडीवर ठेवला.

"गीता, यंदाचं साल हरणाऱ्यायचं हाये."

गीताबाई सरकीच्या पिशव्या मोजत होत्या. "मंग सरपंचकीले पुन्हा उभे राहा," त्या म्हणाल्या. पंजाबराव एकदा सरपंचकीला पडले होते.

"मस्करी नको करू. वर काईतरी ठरून राह्यलं. प्रत्येकाचा नंबर लागून राह्यला."

नोव्हेंबरात या सिद्धांताची परीक्षाच झाली. बायकांच्या वर्ल्ड कपची फायनल भारत आणि दक्षिण आफ्रिकेत होती. दोघींनीही हा कप कधी जिंकलेला नव्हता. गीताबाईंनी आळीतल्या बायकांना टीव्हीपुढे जमवलं आणि नवऱ्याला विचारलं, "आता सांगा, हरणाऱ्या दोघी. नंबर कोनाचा?"

पंजाबरावांनी थोडा विचार केला. "आफ्रिकेचा जूनमंदी लागून गेला. एका साली एका देशाले दोनदा भेटत नाई. आपल्या पोरी जिंकतीन."

पोरी जिंकल्या. दुसऱ्या दिवशी पंजाबराव गावात असे फिरले, जणू शेवटचा कॅच त्यांनीच घेतला होता. त्याच फेरीत ते ज्ञानेश्वरच्या शेतावर गेले. ज्ञानेश्वर टीमचा मुख्य बॉलर, पण कापूस वेचणीला आला होता आणि त्याने साफ सांगितलं, "दादा, यंदा टाइम नाई. मजूर भेटून नाई राह्यले."

"तुले काई करायचंच नाई बे. नुसतं हजर राह्यचं. जिंकनं ठरलेलं हाये."

हे ज्ञानेश्वरला पटलं. मेहनत नको आणि विजय हमखास, असा प्रस्ताव त्याला जन्मात कोणी दिला नव्हता. बाकीचेही असेच तयार झाले.

आणि खरोखरच टीम फायनलला पोचली. समोर यजमान बावनबीर. त्यांचे कॅप्टन माणिकराव, मैदानाला लागून असलेल्या शेताचे मालक, पंजाबरावांच्याच वयाचे आणि तसेच घेराचे. टॉसच्या वेळी माणिकराव शांतपणे म्हणाले, "पंजाबराव, वाईट वाटून घेऊ नका. यंदाचं साल आमचं हाये."

"काऊन?"

"पेपर वाचत नाई काय तुमी? पॅरिस, बंगलोर, आफ्रिका. जे कधी जिंकले नाईत तेच जिंकून राह्यले."

पंजाबरावांना आपलीच म्हैस दुसऱ्याच्या गोठ्यात दिसावी तसं झालं. "हरणारे आमी हाओ," ते म्हणाले. "किती फायनल हरलो, विचारा कोनालेबी."

"फायनल हरता म्हंजे तिथलोक पोचता तरी. आमी तं पह्यल्याच राउंडात घरी. आमचं हरनं मोठं."

"पोचून हरनं जास्त जिवाले लागते, माणिकराव."

"फायनलवाले म्हनून तुमाले जेवाचं आमंत्रन तं भेटते. आमाले तेबी नाई."

अंपायर संघपाल गुरुजी नाणं हातात धरून बराच वेळ उभे होते. शाळेत ते भांडणं सोडवायचे, पण आपण जास्त हरलो म्हणून भांडणारी माणसं त्यांनी प्रथमच पाहिली होती. शेवटी बाजूला बसलेल्या गीताबाई म्हणाल्या, "खेयून पाहा न बापा. ज्याचं साल असन तो जिंकन." मग टॉस झाला.

सामना मात्र अजबच झाला. दोन्ही टीमना आपण जिंकणार याची खात्री होती, त्यामुळे कोणीच घाई करेना. बावनबीरचे दोन गडी गप्पा मारत पळताना रनआउट झाले. ज्ञानेश्वरने वाइडवर वाइड टाकले आणि दरवेळी पंजाबरावांकडे पाहून मान डोलवली. वरवटच्या बॅटिंगला बावनबीरच्या फिल्डरांनी इतके कॅच सोडले, की गुरुजींनी पाण्यासाठी सामना थांबवून सगळ्यांना तोंड धुवायला लावलं.

अखेर एका चेंडूत पाच रन हवे, अशी वेळ आली. बॅटिंगला पंजाबराव, दुसऱ्या टोकाला ज्ञानेश्वर. साल कितीही आपलं असलं तरी चेंडू आपल्यालाच मारावा लागणार, हे पंजाबरावांच्या आत्ता ध्यानात आलं. बॉलर धावत आला. त्यांनी डोळे मिटले आणि बॅट फिरवली.

चेंडू उंच गेला आणि माणिकरावांच्या कपाशीत पडला.

त्या बाजूला चौकार-षटकार नव्हते. पिकाची नासाडी नको म्हणून माणिकरावांनीच नियम करून घेतला होता, की चेंडू परत येईपर्यंत पळायचं. चौकार-षटकार ठेवले असते तर सगळ्यांनी तिकडेच मारलं असतं. आता कपाशी ऐन फुटलेली, शेत पांढरंशुभ्र, आणि चेंडूही पांढरा.

"पळा दादा," ज्ञानेश्वर म्हणाला.

दोघे पळाले. बावनबीरचे सहा-सात जण कपाशीत शिरले. तेवढ्यात माणिकरावांचा आवाज आला, "झाडं मोडू नका बे. सरीतून चाला."

फिल्डर थबकले आणि जपून पाय टाकू लागले. एकाने चेंडू समजून बोंड उचललं आणि जोरात फेकलं. ते वाऱ्यावर उडत त्याच्याच पायाशी आलं. दोन रन झाले.

"घुसू काय आत?" एकाने विचारलं.

माणिकरावांनी एकदा पळणाऱ्या पंजाबरावांकडे पाहिलं, एकदा कपाशीकडे. आयुष्यातली पहिली फायनल एका बाजूला, उभं पीक दुसऱ्या बाजूला. "थांबा," ते म्हणाले. "मीच पाह्यतो." आणि एकेक फांदी हाताने बाजूला करत ते निघाले.

तिसऱ्या रनाला पंजाबरावांचा श्वास संपला. चौथ्याला ते चालू लागले. पाचव्याला ज्ञानेश्वर स्वतःचं टोक गाठून ओरडत होता, आणि पंजाबराव कमरेवर हात ठेवून खेळपट्टीच्या मधोमध उभे होते. गीताबाई उठून उभ्या राहिल्या. "अहो, चाला. घरी जायचं हाये." एवढ्याने ते हलले आणि बॅट टेकवत टेकवत पलीकडे पोचले. त्याच क्षणी माणिकरावांनी चेंडू हात उंचावून दाखवला. गुरुजींनी दोघांकडे पाहिलं आणि वरवट जिंकल्याचा निकाल दिला.

बक्षीस समारंभात पंजाबराव सवयीने उपविजेत्यांच्या रांगेत जाऊन उभे राहिले. माईक आल्यावर म्हणाले, "विजेत्या संघाचं अभिनंदन. त्यायनं चांगला खेळ केला. आमी पुढच्या साली पुन्हा येऊ." लोक हसू लागले तेव्हा कुठे त्यांना कळलं. डोळे भरून आले आणि ते खाली उतरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आख्ख्या टीमला घेऊन माणिकरावांच्या शेतात गेले. पहिल्या झटक्यात फिल्डर आत घुसले तेव्हा काही झाडं मोडलीच होती आणि फुटलेला कापूस मातीत पडला होता. सगळे वेचायला बसले. माणिकराव शेजारच्या सरीत होते.

"एक बोलू, पंजाबराव?" वेचता वेचता ते म्हणाले.

"बोला न."

"जिंकल्यावर कसं वाटते?"

पंजाबराव हातातल्या कापसातला पालापाचोळा काढत राहिले. "पाय लई दुखून राह्यले," ते म्हणाले. "पन झोप चांगली लागली."

माणिकरावांनी मान डोलवली आणि पाण्याची कळशी त्यांच्याकडे सरकवली.