दगडालाच फिल्टर म्हणतात म्हणे

बाबांना जावई आवडत नव्हता, आणि ही गोष्ट त्यांनी कधी लपवूनही ठेवली नव्हती. लपवायची कशाला? माणूस चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायचा. दिवसभर "आता स्पष्ट दिसतंय? आणि आता?" असं विचारत बसायचं, हे काय काम झालं? घरी आला तरी तोच सूर. "बाबा, चहा गोड झालाय का? टीव्हीचा आवाज वाढवू का?" बाबांनी मनातल्या मनात त्याचं नाव गोगलगाय ठेवलं होतं, आणि ते दोनचारदा तोंडातूनही निसटलं होतं. जावई नुसता हसला होता. हसणारच, दुसरं येतंय काय त्याला?

आणि बाबा कोण? शहराच्या जलशुद्धीकरण केंद्राचे मुख्य अभियंता. आता निवृत्त, पण रुबाब तोच. साहेब आले म्हटलं की गाळणीच्या हौदांवरची माणसं विड्या विझवून सरळ उभी राहायची. तुरटी किती टाकायची आणि क्लोरिन किती, हे साहेब पाण्याकडे नुसतं बघून सांगतात, अशी त्यांची ख्याती होती. निदान ते स्वतः तरी तसं सांगत. आयुष्यभर त्यांनी एकच काम केलं, पाण्यातले जंतू मारले. अख्खं शहर त्यांच्या हातचं पाणी प्यायलं आणि कुणाचं पोट म्हणून बिघडलं नाही.

असा माणूस लेकीच्या घरी मागच्या खोलीत येऊन पडला, त्याचं कारण सांगायलाही लाज वाटावी असं होतं. बाथरूमचा नळ उघडा ठेवून बाबा फिरायला गेले आणि मित्रांत गप्पा छाटत बसले. परत आले तेव्हा खालच्या बिऱ्हाडाच्या दिवाणखान्यात छतातून धार लागली होती. "साहेबांनी घरपोच पाणी दिलं," असं अख्खी इमारत म्हणाली. लेक बँकेत अधिकारी, स्वभाव बापाचाच. तिनं त्याच आठवड्यात घराला कुलूप लावलं, बाबांची बॅग भरली आणि किल्ली आपल्या कपाटात टाकली. "आता एकटं राहायचं नाही, बाबा. विषय संपला."

विषय संपला नव्हता. बाबांना आता जगात एकच गोष्ट हवी होती: आपलं घर. आपल्या खुर्चीत बसून, रेडिओ आपल्याला हवा तेवढा मोठा लावून, कुणालाही न विचारता खोकायचं. किल्लीचं नाव काढलं की लेक "बघू" म्हणायची, आणि तिचं "बघू" म्हणजे काय हे बाबांना चांगलं ठाऊक होतं, कारण ते त्यांच्याकडूनच तिनं उचललेलं होतं.

अशात जावयाला समुद्री मासे पाळायची हुक्की आली. साधे मासे नाहीत, खाऱ्या पाण्यातले. रोज रात्री तो फोनवर टाक्यांचे व्हिडिओ बघायचा आणि वहीत काहीतरी उतरवून घ्यायचा, परीक्षेला बसल्यासारखा. एके दिवशी जेवताना म्हणाला, "बाबा, रविवारी फिल्टर बघायला दुकानात जातोय. तुम्ही येता? पाण्यातलं तुमच्याइतकं कुणाला कळतंय?"

बाबांचा घास हातातच राहिला. कितीतरी दिवसांत त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं. आनंद झाला, पण गोगलगायीसमोर तो दाखवायचा म्हणजे कमीपणा. "येतो," ते म्हणाले. "नाहीतर तो दुकानदार तुम्हाला टोपी घालेल."

दुकान म्हणजे अंधारा बोगदा, दोन्ही बाजूंना निळ्या उजेडाच्या टाक्या. दुकानदार गळ्यात टॉवेल अडकवून एका टाकीत कोपरापर्यंत हात घालून उभा होता. त्यानं तीन पर्याय सांगितले. एक, टाकीच्या मागे टांगायचा छोटा फिल्टर. दोन, खाली कपाटात ठेवायचा मोठा बंद डबा, त्यात पाणी पंपानं खेचून गाळून वर सोडतात. तीन, टाकीखाली दुसरी टाकी, पण ते नवख्यानं करू नये.

"डबा," बाबांनी निकाल देऊन टाकला. "सगळ्यात मोठा. आणि त्याला जंतू मारायचा तो जांभळा दिवा असतो ना, तोही जोडा. पाणी कसं काचेसारखं पाहिजे."

"बाबा, माझा विचार जरा वेगळा आहे," जावई म्हणाला. आवाज असा, की माफीच मागतोय. "हा मागे टांगायचा घ्यावा. शिवाय एक स्किमर, म्हणजे फेसाबरोबर घाण वर काढणारी नळी. बाकीचं काम दगड करतील."

"कोण करतील?"

जावयानं कोपऱ्यातल्या टाकीकडे बोट दाखवलं. तिच्यात तपकिरी, जांभळट, भोकाभोकांचे दगडांचे ढीग होते. त्यांच्यावर शेवाळ होतं, आणि एका भोकातून एक किडा बाहेर डोकावून परत आत गेला. "समुद्रातले दगड आहेत. त्यांच्या भोकांत जंतू राहतात. माशांच्या घाणीचं विष होतं ना पाण्यात, ते हे जंतू खातात. खरा फिल्टर म्हणजे हे दगडच. त्यांना फक्त मारायचं नाही."

बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. दगडालाच फिल्टर म्हणतात म्हणे! आणि जंतू पाणी साफ करतात! उद्या म्हणाल, चोर पहारा देतात. "अहो जावईबापू," ते दुकानभर ऐकू जाईल असं म्हणाले, "मी सबंध हयात जंतू मारून पगार घेतला. तुम्ही दमड्या मोजून ते विकत घेताय? डोळे तपासा एकदा स्वतःचे."

दुकानदार गालात हसला. जावईही हसला. आणि मग त्यानं शांतपणे मागे टांगायचा फिल्टर, स्किमर, मिठाची बादली आणि ते किडके दगड घेतले. सल्ला विचारायचा तो विचारला, आणि करायचं ते स्वतःच्या मनाचंच केलं. बाबांना हे फार झोंबलं. घरी येईपर्यंत ते गाडीत एक अक्षर बोलले नाहीत, आणि ते बोलत नाहीत हे कुणाच्या लक्षातही आलं नाही.

पुढचे कित्येक आठवडे दिवाणखान्यात खारं पाणी आणि दगड एवढंच होतं. मासा औषधालाही नाही. जावई रोज संध्याकाळी नळीत पाणी घेऊन थेंब टाकून रंग बघायचा आणि म्हणायचा, "अजून जंतू रुजले नाहीत." पाहुणे आले की बाबा त्यांना मुद्दाम टाकीपाशी नेत. "या, आमच्या जावयांनी दगड पाळलेत. बघा, किती माणसाळलेत." पाहुणे हसत, लेक "बाबा!" म्हणून डोळे वटारी, आणि जावई सरबताचे ग्लास घेऊन येई. काय हा माणूस! अपमान झालेला कळायलाही थोडी अक्कल लागते, असं बाबांचं ठाम मत झालं.

शेवटी दोन मासे आले. केशरी, अंगावर पांढरे पट्टे, बोटाएवढे. जावई त्यांच्यासमोर तासन्‌तास बसू लागला. लेकही बसू लागली, आणि दोघं हळू आवाजात हसायची. बाबांना ते बघवत नसे.

मग जावयाच्या मावसभावाचं लग्न निघालं, दुसऱ्या गावी. निघताना लेक दारात थांबली. "बाबा, तीन दिवस तुम्ही एकटे आहात. गॅस, नळ, दिवे. आम्ही परत येऊ तेव्हा सगळं जागच्या जागी असलं, तर तुमच्या घराची किल्ली तुमच्या हातात. शब्द देते." आणि जावई म्हणाला, "माशांना चिमूटभर दाणे, बस. बाकी कशाला हात लावू नका, बाबा."

हात लावू नका! बाबांना!

पहिला दिवस त्यांनी नळ तपासण्यात घालवला. दुसऱ्या दिवशी नळ तपासून झाल्यावर करायला काही उरलं नाही, म्हणून ते टाकीसमोर बसले. काचेवर तपकिरी थर, दगडांवर बुळबुळ, वाळूत कसले तरी किडे. शी! केंद्रावर असा हौद दिसला असता तर त्यांनी चौघांना घरी बसवलं असतं. आणि मग त्यांना ती झकास कल्पना सुचली. सगळं जागच्या जागी असावं म्हणे? जागच्या जागी तर असेलच, वर लखलखीत असेल. लेक दारातूनच म्हणेल, बाबा अजून खमके आहेत.

त्यांनी बाह्या सारल्या. एकेक दगड बाहेर काढून मोरीत घेतला, ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात बुडवून ठेवला, ताठ ब्रशनं खसाखसा घासला आणि नळाखाली धुतला. फिल्टरमधला स्पंजही तसाच धुतला. उग्र वास नाकात गेला आणि बाबांना दहा वर्षांनी तरुण झाल्यासारखं वाटलं. संध्याकाळी दगड पांढरेशुभ्र होऊन परत टाकीत गेले, काच चकचकली, आणि बाबा समाधानानं झोपले.

सकाळी मासे पाण्याच्या पृष्ठभागाशी तोंडं उघडत होते. दुपारी एक आडवा झाला. त्याच्या मागोमाग दुसरा.

बाबांनी आधी माशांना शिव्या दिल्या. दुबळी जात, स्वच्छ पाणी सोसत नाही. मग जावयाला दिल्या. आणि मग शिव्या संपल्या आणि भीती वाटली. माशांचं त्यांना काही नव्हतं. किल्ली गेली, एवढंच डोळ्यांसमोर आलं. या मागच्या खोलीत आता मरेपर्यंत राहायचं, आणि कुणीतरी रोज विचारणार, चहा गोड झालाय का. त्यांनी मेलेले मासे कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकले आणि बोलायचं ते पाठ केलं.

"मी म्हणतच होतो," दोघं दारात पाऊल टाकतात न टाकतात तोच त्यांनी सुरू केलं. "एवढासा फिल्टर, तो काय पुरणार? गेले दोन्ही. मोठा डबा घ्या म्हटलं होतं."

लेक टाकीपाशी गेली. "बाबा, हे दगड पांढरे कसे झाले?"

बाबा खाली वाकून चपला शोधायला लागले.

जावयानं पाण्यात बोट बुडवून नाकाशी नेलं. बाबांकडे एकदा बघितलं. "मी धुतले," तो म्हणाला. "निघायच्या दिवशी, पहाटे, टाकीचा दिवा न लावताच. जरा घाण वाटले म्हणून. पावडर जास्त पडली असणार."

"तू?" लेकीचा पारा चढला. "इतके दिवस घरात शेवाळं वाढवलंस ते मारून टाकायला? एक काम धड करता येत नाही तुला! बाबा म्हणतात तेच खरं, डोकं गहाण टाकलंयस दुकानात!" शब्द न् शब्द बाबांचा होता. जावई मान खाली घालून ऐकत राहिला. मग लेक तरातरा आत गेली, कपाट उघडल्याचा आवाज आला, आणि किल्ली आणून तिनं बाबांच्या हातावर ठेवली. "तुम्ही निदान घर नीट सांभाळलंत. शनिवारी सोडते तुम्हाला." आणि ती आंघोळीला गेली.

बाबांना लाज वाटली. खरंच वाटली. या माणसाला आपण काय काय बोललो! ते उठून जावयाजवळ गेले. तो बादली घेऊन टाकीतलं पाणी उपसत होता.

"जावईबापू, तुम्ही आज माझ्यासाठी..."

"तुमच्यासाठी नाही, बाबा," जावई म्हणाला. आवाज नेहमीचाच, मऊ, चष्मा बसतोय का विचारावं तसा. "खरं सांगितलं असतं तर तिनं किल्ली दिली असती का? जन्मात नसती दिली. तुम्ही इथंच राहिला असता." त्यानं एक पांढरा दगड उचलून बघितला आणि परत ठेवला. "मासे काय, पुन्हा आणता येतात. टाकी या वेळी मागच्या खोलीत लावीन म्हणतो. तिथं ऊन येत नाही, शेवाळ कमी धरेल."

बाबांनी हातातल्या किल्लीकडे बघितलं. या माणसानं इतकी वर्षं सगळं ऐकलं होतं, एकेक शब्द, आणि त्याला सगळं कळलं होतं.

जावयानं भरलेली बादली उचलली. "जरा बाजूला होता, बाबा? पाणी सांडेल पायावर."

बाबा बाजूला झाले.