विद्याधरचं फुलपात्र

मुलुंडला आमच्या घरात माझ्या मित्राच्या नावाचं फुलपात्र आहे. ‘चि. विद्याधर, १४-८-५५.’ ते त्याने आणलेलं नाही. माझ्या सख्ख्या आईने जिन्याखाली बसलेल्या नाव घालणाऱ्याकडून ते घालून घेतलं. तो ठकठक करत होता तेव्हा शेजारी उभी राहून ‘ध नीट काढा हो’ असं दोनदा बजावलंसुद्धा.

मी ते पाहिलं आणि घरातली सगळी भांडी खाली काढली. रविवार होता, दुसरं काम नव्हतं. अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या नावाची नऊ निघाली. आईच्या नावाची ढीगभर. एका पातेल्यावर ‘गं. भा. चंद्रभागाबाई, नाहूर’ असं होतं. ही बाई कोण ते घरात कुणालाच माहीत नाही. कुठल्यातरी लग्नात पातेली बदलली असावीत. पण तिचंही आमच्या घरात एक पातेलं होतं. माझं काहीच नव्हतं. मुंजीपासून मी ज्या फुलपात्राने पाणी पितो त्यावर ‘दत्ताराम’ आहे. तो माझा मामा. आहेर त्याने दिला, म्हणून नाव त्याचं.

“आई,” मी म्हटलं, “मी या घरात बावीस वर्षं आहे.”

“माहीत आहे,” आई म्हणाली. “मीपण आहे ना इथेच.”

विद्याधर आमच्या खोलीच्या अगदी खालच्या खोलीत राहतो. तो आणि त्याची आई, नलिनीकाकू, दोघंच. आम्ही एका बाकावर शिकलो, एकाच कचेरीत चिकटलो. संध्याकाळी तो आमच्याकडे यायचा तो माझ्याशी गप्पा मारायला, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती. आला की तो आधी आईने निवडायला घेतलेले तांदूळ ओढून घ्यायचा. मग आमटीचा वास घेऊन “मावशी, आज काय झकास वास सुटलाय!” म्हणायचा. जेवला की स्वतःचं ताट उचलायचा. माझंही उचलायचा, आणि ते आईला दिसेल अशा बेताने. अण्णा माझ्याशी आजवर फार तर अकरा वाक्यं बोलले असतील. त्याला त्यांनी आपल्या अडकलेल्या बढतीची हकिगत पहिल्यापासून सांगितली. ती मला अजून ठाऊक नाही.

“बघ जरा त्याच्याकडे!” आई मला म्हणायची.

मी बघायचो. तेवढं एक मी मन लावून करायचो.

फुलपात्र झाल्यावर मी ठरवलं, आपणही याची आई पळवायची. दुसऱ्याच दिवशी खाली गेलो, नलिनीकाकूंसमोर बसलो आणि त्यांच्या गवारीची स्तुती केली. गवारीची स्तुती करणारा माणूस त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. त्यांनी पदर डोळ्यांना लावला. पहाटे उठून मी त्यांचं पाणी भरलं. त्यांच्या पाठदुखीची हकिगत ऐकली; संपल्यावर “मग पुढे?” असंही विचारलं.

“श्यामकांत म्हणजे सोनं आहे हो,” त्या चाळभर सांगू लागल्या. विद्याधरला म्हणाल्या, “बघ जरा त्याच्याकडे!”

आता रोज साडेसातला आमची जिन्यात गाठ पडू लागली.

“मावशीकडे चाललोय,” तो म्हणायचा.

“मी काकूंकडे.”

“तुमच्याकडे भाजी काय रे?”

“दुधी. तुमच्याकडे?”

“गवार.”

“वाट लागली,” मी म्हणायचो, आणि आम्ही आपापल्या दिशेने दुसऱ्याच्या घरी जायचो.

पण तो माझ्या घरी हसला की ते मला खाली ऐकू यायचं. शेवटी मी वळकटी बांधली. “मी काकूंकडे राहायला चाललो,” असं आईला सांगितलं. ती रडेल अशी माझी अपेक्षा होती.

“बरं,” आई म्हणाली. “तुझी टोपी राहिलीय खुंटीवर.”

विद्याधरही आमच्याकडे राहायला त्याची वळकटी घेऊन वर निघालाच होता. जिन्यात दोन्ही वळकट्या अडकल्या. दोघांनी जोर लावून त्या सोडवल्या. तेवढं एक काम त्या महिन्यात आम्ही मिळून केलं.

पहिले तीन दिवस काकूंनी मला चहा कपबशीतून दिला. चौथ्या दिवशी कप आला, बशी आली नाही. पाचव्या दिवशी म्हणाल्या, “हा ओला पंचा गादीवर कुणी टाकला?” घरात आम्ही दोघंच होतो. सहाव्या दिवशी मी पाठदुखीची हकिगत ऐकता ऐकता झोपलो. सातव्या दिवशी त्यांनी गवारीची पातेली माझ्यासमोर आदळली आणि वर छताकडे बोट करून म्हणाल्या, “मेल्या, बघ जरा विद्याकडे! परक्याच्या घरी कसा राहतोय बघ.”

मी छताकडे बघितलं. तेवढ्यात वरून आईचा आवाज आला.

“गाढवा! पंचा वाळत घालायला काय हात मोडलेत तुझे?”

मी नेहमीच्या सवयीने “घालतो” म्हणालो. मग लक्षात आलं, ते मला नव्हतं.

फुलपात्र गेलं, माझी बसायची जागा गेली, अण्णांची हकिगत गेली, सगळं मी सोसलं. पण गाढव माझं होतं. बावीस वर्षांत आईने ते दुसऱ्या कुणाला दिलं नव्हतं, अण्णांनासुद्धा नाही. माझ्या घशाखाली घास उतरेना. त्यात गवारीचाही वाटा असेल.

आठव्या दिवशी संध्याकाळी मी वर गेलो आणि स्वतःच्या घराचं दार वाजवलं. ते उघडंच होतं. आई समोरच बसली होती.

“कोण हवंय?” तिने विचारलं.

“मावशी, येऊ का?”

“या की. बसा.”

मी सतरंजीच्या कडेला बसलो. आत विद्याधर पंचा वाळत घालत होता. तोंड उतरलं होतं बिचाऱ्याचं. आईने मला कपबशीतून चहा दिला.

“चहा झकास झालाय, मावशी,” मी म्हटलं.

“असं? आमच्या मुलाने कधी सांगितलं नाही.”

मी उरलेला चहा बशीत ओतला. मग विचारलंच, “त्याच्या नावाचं फुलपात्र का केलंस?”

“तो घरी जातो म्हणून.”

“म्हणजे?”

“अरे, येणाऱ्याला भांडं वेगळं ठेवतात. तू कुठे येतोस? तू असतोसच.”

मी चहा संपवला आणि कपबशी, बावीस वर्षांच्या सवयीने, तिथेच सतरंजीवर ठेवून उठलो.

“गाढवा!” आई ओरडली. “उचल ती!”

मी एवढ्या आनंदाने आजवर काही उचललं नव्हतं. मी मोरीत कपबशी विसळत असताना विद्याधरने माझ्याकडे पाहिलं. त्याची नजर मी ओळखली. महिनाभर मी तीच वापरत होतो.

तो मुकाट्याने वळकटी बांधू लागला. खालून नलिनीकाकूंची हाक आली, “विद्या, मेल्या, मेलास का तिकडे?” त्याचा चेहरा उजळला.

“मावशी, येतो हं.”

“ये. पण रोज नको रे. रविवारी ये, म्हणजे मी तुझी वाट बघेन.”

“आणि तू?” मला म्हणाली.

“मी काकूंकडे बुधवारी.”

“चांगलं. दुधी घेऊन जा त्यांना.”

तेव्हापासून असंच चाललंय. रविवारी तो तांदूळ निवडतो, बुधवारी मी गवारीची स्तुती करतो. आणि एका दिवसाची स्तुती मला खरीसुद्धा वाटते. आम्ही दोघं पुन्हा एकमेकांशी बोलतो. त्याचं फुलपात्र बाकीचे सहा दिवस फळीवर पालथं असतं.

त्या सहाही दिवशी मी झोपायच्या आधी त्यात बोट घालून बघतो. अजून तरी कोरडंच असतं.