गरीब दिसायचा दिवस

"बुधवारी पाहुणे येणार आहेत, आणि त्या दिवशी सगळ्यांनी गरीब दिसायचं," असं नगरपालिकेचा खजिनदार नोलास्को चॅपेलच्या ओसरीत उभा राहून बोलला, तेव्हा जमलेल्या लोकांना हसावं की रडावं ते कळेना. फिलिपिन्समधल्या सामार बेटाच्या किनाऱ्यावरची ही चाळीस घरांची वस्ती. गरिबीची तिला चांगली सवय होती, पण गरीब दिसायची नव्हती.

"म्हणजे आजवर आम्ही काय जमीनदार दिसत होतो का रे?" माडी काढणाऱ्या क्रिस्पुलोनं विचारलं.

"थट्टा नको. टीव्ही झाकून ठेवा. जुने कपडे घाला. आणि खाण्याचा थाटमाट करू नका. भात आणि सुकट, बस्स."

सुकटीचं नाव निघालं तशी तिया आनेसिता, साऱ्या वस्तीची मावशी, गुडघ्यांवर हात टेकत उठली. सत्तरी ओलांडलेली बाई, एकटी राहणारी, पण वस्तीतलं कुठलंही लग्न किंवा बारसं तिच्या हाताच्या चवीवाचून झालेलं नव्हतं. "सातासमुद्रापलीकडून माणूस माझ्या दारात येणार आणि मी त्याच्या पुढ्यात सुकट ठेवू? त्यापेक्षा लाटेनं मला न्यावं."

"लाट नेईलच, तिया, तेवढ्यासाठी तर ते येतायत," नोलास्को करवादला.

मग सगळे आदेल्फाकडे बघायला लागले. ती वस्तीची प्रमुख, त्यांच्या भाषेत कपिताना. या बुधवारावर तिचं सगळंच अवलंबून होतं.

झालं होतं ते असं. बरीच वर्षं झाली, नगरपालिकेनं परदेशातून मोठं कर्ज काढून किनाऱ्याला भिंत बांधली. पुढच्याच मोठ्या वादळात ती एका रात्रीत आडवी झाली, आणि तिच्याबरोबर अर्धी वस्ती गेली आणि आदेल्फाचा नवरा फेर्मिनही गेला. भिंत आता पाण्यात पडलेली आहे आणि पोरं तिच्यावरून सूर मारतात. हप्ते मात्र वर्षाच्या वर्षाला न चुकता जातात. जो पैसा लावून घरं मागच्या टेकडीवर नेता आली असती, तो नसलेल्या भिंतीपायी जातो. आता एका जागतिक निधीनं म्हटलं होतं, की वादळांच्या तडाख्यातल्या गावांची असली कर्जं आम्ही माफ करू, वाचलेल्या पैशात तुम्ही घरं हलवा. अट एकच होती. गाव पुरेसं गरीब पाहिजे, आणि ते आमची माणसं येऊन तपासतील.

आदेल्फानं कपितानाचं पद घेतलं होतं तेच टेकडीसाठी. पुढच्या मोठ्या वादळाआधी घरं वर गेली पाहिजेत, एवढंच तिचं मागणं होतं. तेव्हा नोलास्कोची बाजू तिनं घ्यायला हवी होती, आणि तिनं घेतलीही, पण अगदी पडत्या आवाजात. पाहुण्यापुढे सुकट वाढायची कल्पना तिलाही सोसवत नव्हती.

बुधवारी पहाटे आनेसितानं आपलं एकुलतं एक डुक्कर कापलं.

मग काय, कुणाला धरबंदच राहिला नाही. निखाऱ्यांवर आख्खं डुक्कर फिरू लागलं. केळीच्या पानात बांधलेले चिकट भाताचे गोड मुटके उकडले गेले. घराघरांतून ताटं गोळा झाली, बायांनी ठेवणीतले फ्रॉक काढले, आणि क्रिस्पुलोनं तर केसांना तेलसुद्धा लावलं. नोलास्को पाहुण्यांना घेऊन पोचला तेव्हा हे सगळं बघून त्याच्या तोंडचं पाणी पळालं. "कपिताना, तुम्ही माझं नाक कापलंत," तो आदेल्फाच्या कानाशी पुटपुटला.

पाहुणे दोन. एक मॅथियास, निधीच्या कचेरीतला उंच, शिष्ट नसलेला पोरगा, हातात टॅब घेतलेला. दुसरी लेइसावी, प्रशांत महासागरातल्या वानुआतू बेटांवरची पन्नाशीची जाडजूड बाई. ती निधीच्या मंडळावर होती. त्या मंडळावर पूर्वी फक्त पैसे देणारे देश बसत. ज्यांना वादळं झोडपतात त्यांनाही तिथं खुर्ची मिळायला लागली ती हल्लीच, आणि त्यातल्या एका खुर्चीवर ही बाई होती.

मॅथियासनं आधी आनेसिताच्या घरापासूनच सुरुवात केली. छप्पर कशाचं? पत्र्याचं. त्यानं खूण केली. पत्रा वादळानंतर मदत म्हणून आलेला, त्यावर देणाऱ्या संस्थेचा शिक्काही होता, पण टॅबला शिक्क्याशी काही देणंघेणं नव्हतं. टीव्ही? कोपऱ्यात होता, वर विणलेला रुमाल घातलेला. आणखी एक खूण. गेल्या आठवड्यात मांस खाल्लं का? या प्रश्नाला उत्तर द्यायची गरजच पडली नाही.

चॅपेलच्या ओसरीत जेवणं सुरू झाली. आदेल्फा मॅथियासच्या शेजारी बसली होती आणि तिला टॅबवरचा आकडा दिसत होता. घरामागून घर तो वाढत गेला होता. कुठल्या आकड्याच्या वर गेलं की माफी नाही, ते नोलास्कोनं तिला सांगितलेलं होतं. आकडा केव्हाच वर गेला होता. लोक मात्र आग्रह करकरून वाढत होते, आणखी घ्या, एवढं तरी घ्या, आणि तिला वाटत होतं, वाढणाऱ्यांचे हात धरावेत.

लेइसावीनं ताट चाटूनपुसून संपवलं आणि सहज पालथं केलं. खाली लाल नेलपॉलिशची फुली होती. तिनं मॅथियासचं ताट उचलून पाहिलं. त्याला निळा ठिपका. पलीकडच्या ताटाला दोन आडव्या रेघा.

"आमच्याकडे खिळ्यानं ओरखडतात," ती म्हणाली. "एकाचं ताट दुसऱ्याकडे जाऊ नये म्हणून. ही किती घरची ताटं आहेत, कपिताना?"

पाहुण्याच्या पोटात अन्न असताना ते कुठून आलं हे सांगणं म्हणजे त्याचा घास परत मागण्यासारखं. असं कुणी करत नाही. आदेल्फानं मागच्या टेकडीकडे बघितलं.

"सगळ्यांची आहेत," ती म्हणाली. तिची मान खाली गेली होती. "छपरं दानात आलेली. आणि हे डुक्कर..." पुढचं तिला बोलवेना. डुक्कर दुसऱ्याचं होतं. चारचौघांत दुसऱ्याचं घर उघडं करायचा तिला काय अधिकार?

"डुक्कर माझं," आनेसिता म्हणाली. तिनं डाव खाली ठेवला आणि पदराला पुसावेत तसे फ्रॉकला हात पुसले. "मीच सांगते. नोलास्को, नीट भाषांतर कर, आपलं काही घुसडू नकोस. तो टीव्ही वादळात भिजला तेव्हापासून मुका आहे. त्याच्यावर रुमाल छान दिसतो म्हणून ठेवलाय. मुलगा मनिलात आहे, त्याचे पैसे यायचे बंद झाले, त्याचंही काही बरं चाललं नसणार. मी दिवसातून एकदा पेज खाते. डुक्कर विकून वर्ष काढणार होते."

नोलास्को भाषांतर करता करता मध्येच अडखळला. आनेसिता त्याच्यासाठी थांबली.

"आणि हेही सांग. त्या रात्री हिच्या नवऱ्यानं मला पाठीवर घेऊन टेकडीवर नेलं. मला ठेवलं आणि उरलेल्यांना आणायला तो परत खाली गेला. आमची घरं वर असती, तर त्याला खाली जायचं कारणच नव्हतं. मला गरीब म्हणा, भिकारी म्हणा, काय वाटेल ते म्हणा. पण घरं वर न्या."

आदेल्फाला हे ठाऊक होतं, पण आनेसिताच्या तोंडून तिनं ते कधी ऐकलं नव्हतं. तिचे डोळे वाहायला लागले आणि तिनं ते पुसलेही नाहीत.

मॅथियासचा चेहरा उतरला होता. "पण यात उसन्या ताटांचा रकाना नाही," तो हळूच म्हणाला.

"मला माहीत आहे," लेइसावी म्हणाली. "आज हातात काय आहे एवढंच आपण मोजतो. एका रात्रीत त्यातलं काय जाईल ते मोजा, असं मी दर बैठकीला ओरडते, आणि दर बैठकीला मला पुरावा मागतात. खाली शेऱ्याची जागा आहे ना? तिथं लिही. मावशी बोलल्या तसंच्या तसं, एक शब्द गाळू नकोस."

मॅथियास बराच वेळ लिहीत बसला.

पुढे मंडळाच्या बैठकीत लेइसावीनं ते वाचून दाखवलं. बरीच खडाजंगी झाली, जेमतेम मतांनी का होईना मोजायची रीत बदलली, भिंतीचे हप्ते माफ झाले आणि टेकडीवर पहिले खांब रोवले गेले. हे सगळं नंतरचं. त्या बुधवारी संध्याकाळी यातलं काहीच कुणाला ठाऊक नव्हतं.

पाहुणे गेले होते. उरलंसुरलं पानांत बांधून त्यांच्याबरोबर आणि घरोघरी गेलं होतं. आनेसितानं आपल्यासाठी काही मागे ठेवलं असेल असं आदेल्फाला वाटलं नाही. दोघी अंगणात पातेली घासत होत्या. सरकारी फुकट तांदळासाठी वस्तीतली नावं आदेल्फाच देत असे. कुणाची चूल पेटत नाही ते मला बरोबर ठाऊक असतं, असं ती अभिमानानं सांगायची. आनेसिताचं नाव तिनं एकदाही दिलं नव्हतं. देण्यासारखं तिला कधी वाटलंच नव्हतं.

"तिया, एवढ्या वर्षांत मला का नाही सांगितलंस?"

"कधी सांगणार?" आनेसिता पातेल्यातून मान वर न करता म्हणाली. "तू दारात दिसलीस की मी आधी कॉफी टाकायची. कॉफी पीत बसलेल्या माणसाला सांगू होय, की डबा रिकामा झाला म्हणून?"

आदेल्फाला इतकी लाज वाटली, की तेवढी मघाशी सगळ्या वस्तीसमोर बोलतानाही वाटली नव्हती. मॅथियासच्या टॅबवर ती दिवसभर मनातल्या मनात चिडली होती.

"पुरे झालं घासणं," आनेसिता उठत म्हणाली. "दमलीस तू. थांब, कॉफी ठेवते."

आदेल्फानं तिचं मनगट धरलं. "कॉफी नको. बस इथं. उद्या काय खाणार आहेस ते सांग."

आनेसितानं हात सोडवून घ्यायचा प्रयत्न केला. मग ती खाली बसली.

"काही नाही," ती म्हणाली.