गुळाच्या फळीचा बेस

नवऱ्यानं बनवलेला माल विकला की घराबाहेर जातो, ही साधी गोष्ट रुद्राणीला त्या आठवड्यात पहिल्यांदा खटकली.

रवि बेस गिटार बनवायचा. सिरसाळ्यात कुणाला हे सांगितलं की समोरचा आधी "बरं" म्हणायचा आणि जरा थांबून विचारायचा, "म्हणजे दुकान न्हाई चालवीत?" दुकान चालवायचे त्याचे वडील, नागप्पा अण्णा. किराणा, भुसार आणि गूळ. रविचं काम चालायचं दुकानामागच्या गोदामात. पुण्याच्या एका कारखान्यात राहून तो हे सगळं शिकून आला होता. चार जाड तारांचा तो भारदस्त बाजा एकेक करून, हातानं घडवायचा, कुणी मागणी दिल्याशिवाय बनवायचा नाही. ज्यांना त्यातलं कळायचं ते लांबून नाव काढत यायचे, आणि आल्याबरोबर त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा: लाकूड कुठलं?

झालं. मग रविला कुणी थांबवू शकत नसे. एरवी "हं" आणि "बघू" यांच्यावर दिवस काढणारा माणूस लाकडावर आला की उताराला लागलेल्या बैलगाडीसारखा सुटायचा. सागवानाचा आवाज जड आणि काळोखा. शिसवाचा कडक, स्टीलच्या पेल्यावर नख मारल्यासारखा. आंब्याचा मऊ, मधेच पसरणारा. फळी दोरीला टांगायची, बोटाच्या पेरानं ठोकायची आणि कलिंगड पारखावं तसा कान लावायचा. रुद्राणी अंबाजोगाईच्या कॉलेजात फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालेली. कंपन, वारंवारता हे सगळं तिला ठाऊक होतं, पण फळीला कान लावून डोळे मिटणारा माणूस पुस्तकात कुठं नव्हता.

त्या आठवड्यात गोदामात दोन बेस तयार होऊन भिंतीला टेकले होते. दोन्ही गेवराईच्या अमरसिंहला दाखवायचे होते. अमरसिंह म्हणजे तिकडच्या मोठ्या बागायतदाराचा मुलगा. वडील राजकारणात, मुलगा पुण्याच्या एका बँडमध्ये. दोन्ही वाजवून बघणार आणि एक नेणार, असं ठरलं होतं.

पहिला बेस अॅश नावाच्या परदेशी लाकडाचा. ते नाव ऐकून अण्णा म्हणाले होते, "अॅशच्या तर परळीला थर्मलच्या राखेतनं विटा करत्यात रं. तू बाजा कसा करतो?"

दुसरा आंब्याचा. त्याचं लाकूड अण्णांच्याच दुकानातलं. गुळाच्या भेल्या ठेवायची जुनी जाड फळी होती ती. रविच्या आजोबांपासून तिच्यावर गूळ बसत आलेला. रविनं ती एकदा सहज ठोकली आणि तिथंच उभा राहिला. अण्णा आठवडाभर कुरकुरले, मग दिली. रंधा मारून, पॉलिश करून बेस उभा राहिला तरी सुरुवातीचे काही दिवस मुंग्या त्याच्यावरून रांगेनं फिरून जायच्या, जुन्या गिऱ्हाइकानं सवयीनं डोकावावं तशा. आवाज ऐकून अण्णा मात्र खूश.

"गुळाची फळी हाय ती. आवाज गोडच येनार की!"

"अण्णा, गोडाचा काही संबंध नाही. आंब्याच्या रेषा मोकळ्या असतात, आणि फळी वर्षानुवर्षं वाळलेली—"

"गूळ खाऊन वाळलेली," अण्णांनी विषय संपवला.

हे सगळं ठीक होतं. भानगड झाली ती आरोहीमुळं.

आरोही सात महिन्यांची. झोप हा प्रकार तिला मान्य नव्हता. दुपारी पेंग यायची, डोळे मिटायचे, रुद्राणी तिच्या नाकाशी बोट धरून श्वास चालतोय ना ते बघायची, आणि नेमकी तेवढ्यात पोरगी टक्क जागी. सासूबाई, म्हणजे गंगासागरबाई म्हणायच्या, "तूच उठवतीस तिला बघून बघून." पण न बघून कसं चालेल? मधे एकदा आरोहीला सर्दी झाली होती. तेव्हापासून घाटनांदूरच्या आजीनं विणलेले लाल काठाचे लोकरीचे मोजे तिच्या पायातून निघाले नव्हते. एप्रिल लागला तरी.

"अगं, उन्हानं पत्रे तडकायलेत अन् लेकराच्या पायात लोकर? कावून शिजवायलीस तिला?"

"आई, तळवे गार लागतात तिचे."

"ह्या उन्हात माझे लागले तर मी साखर वाटीन."

तर अशा एका दुपारी रविनं आंब्याचा बेस तारा चढवून माजघरात आणला. स्पीकर गोदामात होता, म्हणून आवाज नीट कळावा यासाठी त्यानं त्याची एक नेहमीची युक्ती केली. बेसच्या दांडीचं टोक लाकडाला टेकवायचं, म्हणजे ते लाकूडही सोबत बोलतं. समोर होता पाळणा. रुद्राणीच्या माहेरहून आलेला, शिसवाचा. रविनं टोक पाळण्याच्या खांबाला टेकवलं आणि सगळ्यांत जाड तार छेडली.

ऊंऊंऊं.

पाळणा आतून गुणगुणला. आरोहीचं रडणं अर्ध्यात थांबलं. तिनं छताकडं पाहिलं, एक लांब सुस्कारा सोडला आणि झोपली. चांगली उन्हं उतरेपर्यंत झोपली. रुद्राणी त्या दिवशी डोक्यावरून अंघोळ करून, केस वाळवून, वर गरम चहा प्यायली. गरम चहा! बाळंतपणानंतर पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी रविनं अॅशचा टेकवून पाहिला, तर तो असा दाणकन बोलला की पोरगी कामावर निघाल्यासारखी उठून बसायला बघू लागली. पुन्हा आंब्याचा लावला. झोपली.

"अहो, हा नका देऊ त्यांना," रुद्राणी म्हणाली.

"दोन्ही दाखवायचा शब्द दिलाय."

"मग दाखवा. देऊ नका."

"आवडला तर नाही कसं म्हणू? तुला दुसरा बनवतो की आंब्याचा."

"तुम्हीच सांगता ना, एकाच झाडाच्या दोन फळ्यासुद्धा सारख्या वाजत नाहीत म्हणून?"

लोकांना ऐकवलेलं भाषण घरचेही ऐकत असतात, हे रविच्या लक्षात आलं नव्हतं.

"आणि गुळाची फळी आता संपली," ती म्हणाली.

"बघू," रवि म्हणाला. म्हणजे देणार.

अमरसिंह यायच्या दिवशी सकाळी रवि अंघोळीला गेला आणि रुद्राणी गोदामात शिरली. काय करायचं ते तिनं रात्रीच ठरवलं होतं. मोडतोड नाही, ओरखडा नाही, नवऱ्याच्या कामाला धक्का नाही. फक्त कंपन मारायचं. फिजिक्सचा उपयोग होत नाही म्हणतात, तो होणार होता. प्रत्येक बेसवर, तारा जिथं घोडीवर टेकतात तिथं, रवि पितळेचं एक झाकण चापून बसवायचा. बोटानं उचललं की निघायचं. तिनं आंब्याच्या बेसचं झाकण काढलं, घडी करून घालायला एखादी चिंधी शोधली, तर हाताशी काहीच नाही. काखेत आरोही होती. तिनं पोरीच्या डाव्या पायातला मोजा ओढला, तारांखाली दाबून बसवला आणि झाकण लावलं.

तार छेडून पाहिली. ढुप. संपलं. ओल्या पोत्यावर बुक्की मारल्यासारखा आवाज.

"आता घे," ती मनात म्हणाली.

अमरसिंह दुपारी आला. पांढरी मोठी गाडी दुकानासमोर उभी राहिली, अण्णांनी "या भैय्या" म्हणत गादी झटकली. तो मात्र चपला काढून सरळ गोदामात गेला. माणूस साधा होता, फक्त लाकडाचं वेड रविहून चार पावलं पुढं. आधी त्यानं दोन्ही बेस नुसते हुंगले. रुद्राणी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी, काखेत पेंगुळलेली आरोही.

अॅशचा बेस त्यानं स्पीकरला जोडला. आवाज कणखर, धारदार, गोदामाचा पत्रा थरथरला.

"छान आहे. दमदार," अमरसिंह म्हणाला. "पण शेवटी फार घुमतो. मला जरा आटोपशीर पाहिजे."

मग आंब्याचा घेतला.

ढुप. ढुप-ढुप. ढुप.

रविची भुवई वर गेली. त्यानं स्पीकरच्या वायरकडं पाहिलं. अमरसिंह थांबला. पुन्हा एकदा वाजवलं. मग त्यानं डोळे मिटले आणि पुण्यात कमावलेली सगळी भाषा गळून पडली.

"आयला! हाच तर आवाज पाहिजेल होता! लई दिवस झाले शोधतोय ह्याला. कसला गोल हाय! कसं केलं हो? लाकूड कुठलं हे?"

रुद्राणीनं चहाचा ट्रे आहे तिथंच खाली ठेवला.

रविला काहीतरी चुकतंय हे कळत होतं. पण प्रश्न लाकडाचा होता, आणि लाकडाच्या प्रश्नाला उत्तर दिल्याशिवाय त्याला राहवत नसे. तो सुटला. आंब्याचा मऊपणा, मोकळ्या रेषा, आजोबांच्या काळापासूनचं वाळणं. अण्णांनी दारातून भर घातली, "गुळाचा गुण हाय, भैय्या." अमरसिंह मान डोलवत राहिला, मधून मधून ढुप करत राहिला. एका ढुपला तर तो म्हणाला, "बघा, ह्याच्यात मला आंब्याची जुनी बाग ऐकू येते." रुद्राणीला फक्त डावा मोजा ऐकू येत होता.

"ठरलं," अमरसिंह म्हणाला. "हाच नेतो. पेटीत घाला."

तेवढ्यात आरोहीची पेंग मोडली. तिनं टाहो फोडला. रुद्राणी तिला घेऊन माजघरात पळाली, पाळण्यात टाकलं, हलवलं, थोपटलं. काही उपयोग नाही. मागून रवि आला, सवयीनं आंब्याचा बेस हातात घेऊनच. कौतुक बघायला पाठोपाठ अमरसिंह आणि अण्णा.

"भैय्या, हे बघा. आमची पोरगी ह्याच्यावरच झोपती," अण्णा अभिमानानं म्हणाले.

रविनं टोक पाळण्याला टेकवलं, जाड तार छेडली.

ढुप.

आरोही क्षणभर थांबली. फसवणूक झालेल्या गिऱ्हाइकासारखं तिनं बापाकडं पाहिलं आणि दुप्पट आवाजात सुरू झाली.

गंगासागरबाईंनी पुढं होऊन तिला उचललं. "अगं बाई! एकच मोजा? दुसरा कुठाय गं रुद्राणी? एरवी अंघोळीला बी काढू देत न्हाईस!"

शोध सुरू झाला. अण्णांनी पाळण्यातलं दुपटं झटकलं. गेवराईच्या बागायतदाराचा मुलगा, पाहुणा असून, गुडघ्यावर बसून पलंगाखाली बघू लागला. रवि तेवढा हलला नाही. तो बायकोकडं बघत होता. मग बेसकडं. मग पुन्हा बायकोकडं.

रुद्राणीनं हिशेब केला. गप्प बसलं तर बेस गेला. बोललं तर नवऱ्याची पाहुण्यासमोर शोभा. आरोहीनं श्वास कोंडून निळं व्हायची तयारी चालवली होती. रुद्राणी पुढं झाली, पितळेचं झाकण उचललं आणि लाल काठाचा मोजा ओढून काढला.

रविनं तार छेडली.

ऊंऊंऊं.

आरोहीचा हुंदका मधेच विरला. सासूबाईंच्या खांद्यावरच तिची मान कलली.

अमरसिंह पलंगाखालून हळूच बाहेर आला. "म्हणजे," तो खालच्या आवाजात म्हणाला, "तुम्ही मघापासून आंब्याच्या रेषांचं जे सांगत होता..."

"ते खरंच आहे," रवि म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "फक्त तुम्ही ऐकत होता ते ते नव्हतं."

"आणि मी म्हणालो, बाग ऐकू येते."

"म्हणालात खरं," अण्णा म्हणाले, आणि तोंडावर उपरणं धरून बाहेर गेले. त्यांचं हसू मात्र दुकानापर्यंत ऐकू आलं.

"भैय्या, चूक माझी आहे," रुद्राणी म्हणाली. "हा बेस जाऊ नये म्हणून केलं. ही दुसऱ्या कशानंच झोपत नाही."

अमरसिंहनं झोपलेल्या आरोहीकडं पाहिलं, बेसकडं पाहिलं. आंब्याच्या बेसची तार स्वतः एकदा हळूच छेडून ऐकली. "खरं आहे वहिनी. ह्यानं मलाही झोप येईल. स्टेजवर हे कसं चालायचं?" मग त्यानं हात पुढं केला. "तो मोजा द्या जरा."

गोदामात जाऊन त्यानं तो अॅशच्या बेसमध्ये दाबून बसवला. वाजवला.

ढब्!

हा ओल्या पोत्याचा आवाज नव्हता. पुढून धार, मागं गोल पोट, आणि जिथं संपायचं तिथं नेमका संपला. रवि स्वतःच दोन पावलं जवळ आला.

"मोजा आवाजाचं शेपूट कापतो," तो पुटपुटला. "पोट लाकडाचंच आहे. आंब्यात धार नव्हती, म्हणून तिथं नुसतंच ढुप झालं. अॅशमध्ये—"

"रवि," अमरसिंह म्हणाला, "आज लाकडाचं पुरे. वहिनी, लोकर कुठली ही?"

"घाटनांदूरची. आईनं विणलेला आहे."

"हातानं?"

"हातानं."

"म्हणूनच," अमरसिंहनं गंभीरपणे मान हलवली. त्यानं अॅशचा बेस घेतला, आतल्या मोज्यासकट.

गाडी गेली. रविनं आंब्याचा बेस उचलून पाळण्याशेजारी खिळ्याला कायमचा टांगला. जाता जाता म्हणाला, "पुढच्या वेळी चिंधी वापर." रुद्राणीनं चहा टाकला. पहिला घोट घेतला आणि फोन वाजला.

"वहिनी, एक विचारायचं राहिलं," अमरसिंह गाडीतून बोलत होता. "एखादा जादा असलेला बरा. तो मोजा डाव्या पायाचा की उजव्या?"

रुद्राणीनं पाळण्यात वाकून पाहिलं. आरोही गाढ झोपलेली, एक पाय उघडा. तिनं तळव्याला हात लावला. गरम होता. तरी राहिलेला एक मोजा काढून द्यायची तिची छाती होईना.

"डाव्या," ती म्हणाली. "उजव्याचा नका घेऊ, भैय्या. त्याचा आवाज जरा पातळ येतो."