तोंडाला फळाचा वास

बरुआसागरच्या रस्त्याला, झाशी शहर मागे पडल्यावर, मोकळ्या मैदानात मांडव पडला होता आणि मांडवात मुंगीला शिरायला जागा नव्हती. गरौठ्याहून ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आल्या होत्या, टहरौलीहून बसभर बाया आल्या होत्या, रेल्वे कॉलनीतली माणसं ई-रिक्षांतून उतरत होती. कोण ख्रिस्ती, कोण हिंदू, हे कोणी विचारत नव्हतं. आजार कुठे विचारून येतो?

व्यासपीठावर भाई पियूष उभे होते. पांढरा कोट, पांढरे बूट. माइक कानाला अडकवलेला, म्हणजे दोन्ही हात मोकळे. आणि त्यांच्या धंद्यात हात मोकळे असणं फार गरजेचं.

"एक नौकर, दो मालिक! चलेगा क्या?"

"नहीं!" मांडव ओरडला.

"सुबह प्रभु, शाम को गोली! चलेगा क्या?"

"नहीं!"

दोन धन्यांची ती गोष्ट येशूनं धनाच्या लोभाबद्दल सांगितली होती, गोळ्यांबद्दल नव्हे. पण एवढं बोलायला तिथं कोण होतं? व्यासपीठाखाली एक वेताची टोपली होती. त्यात लोक गोळ्यांची पाकिटं, इन्सुलिनची पेनं, साखर मोजायची यंत्रं टाकत होते, आणि टाकताना रडत होते.

तिसऱ्या रांगेत शिल्पा भिंगारदिवे आपल्या अकरा वर्षांच्या ईशाला कुशीत घेऊन बसली होती. ईशाला तीन वर्षांपासून मधुमेह. दिवसातून चार सुया. पोरगी सकाळी डोळे उघडायची ते विचारतच, "आई, आज एक कम नहीं हो सकती?" शिल्पाचा नवरा पराग रेल्वेत इंजिनचालक, चार दिवस घरी, सहा दिवस रुळांवर. सुई टोचायचं काम आईचंच. एकुलत्या एका लेकराला आपल्या हातानं दिवसातून चारदा दुखवायचं, तेही जन्मभर! त्या बाईला कोणी आशेचा धागा दाखवला तर ती त्याला दोरखंड समजणारच. तिला हसायचं असेल त्यानं खुशाल हसावं. मला नाही हसू येत.

पडद्यामागं सिस्टर मृदुला बसल्या होत्या. त्यांनी ईशाला एक ग्लास दिला, लघवी करून आणायला सांगितली, त्यात कागदाची पट्टी बुडवली. निळी पट्टी बघता बघता काळपट तपकिरी झाली. म्हणजे साखर भरपूर. मग भाईंनी डोक्यावर हात ठेवला, प्रार्थना झाली, घोटभर पाणी पाजलं. अर्ध्या तासानं पुन्हा तीच परीक्षा. या वेळी पट्टी निळीच्या निळी.

"मीठा निकल गया!" भाई गरजले. "हालेलुया!"

शिल्पानं पेनं टोपलीत टाकली. यंत्र मात्र हातात घट्ट धरून ठेवलं होतं. भाईंनी ते हळूच सोडवून घेतलं.

"बहनजी, थोमा ने भी यीशु के घाव में उँगली डाली थी, शक करने के लिए. तुम रोज बच्ची की उँगली में सुई डालती हो. शक ही तो है! शक गया, शक्कर गई!"

मांडवानं टाळ्या पिटल्या. सिस्टरनी जाताना शिल्पाला लाल क्रूस छापलेला एक कोरा कागदी कप दिला. "शनिवारी गवाहीला, साक्ष द्यायला याल ना, तेव्हा सगळ्यांपुढं याच्यातच तपासणी करू." मृदुला मूळच्या नागपूरच्या. परक्या मुलखात मराठी कानावर पडलं की माणूस निम्मा विरघळतो. शिल्पा पुरती विरघळली.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी सकाळी, घरात सुई नव्हती. ईशा अंगणात नाचली. शिल्पानं तिला खीर दिली, तीन वर्षांनी पहिल्यांदा.

शुक्रवारी ईशा पाणी पीत सुटली. तांब्यावर तांबे. "आई, प्यास जातच नाही." संध्याकाळी उलटी झाली. शिल्पानं भाईंच्या माणसाला फोन लावला. उत्तर तयार होतं. जुनं निघतंय, निघू दे. आता घाबरलीस तर तीन वर्षांचं पुन्हा आत जाईल. म्हणजे बरं वाटलं तर भाईंचा चमत्कार, आणि बिघडलं तर आईची भीती! छापा पडला तरी भाई जिंकले, काटा पडला तरी तेच.

शनिवारी दुपारी तिनं ईशाला उचलूनच मांडवात नेलं. पोरगी धापा टाकत होती, पोट धरून होती. शिल्पाला रात्रभर एकच भीती होती: आपला विश्वास कमी पडला, म्हणून लेकरू जातंय. स्वतःला किती वेळा शिव्या दिल्या होत्या तिनं. डॉक्टरचं नाव जिभेवर यायचं आणि ती जीभ चावायची.

भाईंनी ईशाला जवळ घेतलं, तिच्या तोंडाशी वाकले, आणि थबकले. मग चेहरा उजळला.

"सूँघो! कोई आके सूँघो! बच्ची के मुँह से फल की खुशबू आ रही है!"

पुढच्या दोन बायांनी वास घेतला. खरंच, पिकल्या फळासारखा गोड वास.

"प्रभु ने क्या कहा? मैं दाखलता हूँ, अंगूर की बेल, तुम डालियाँ हो! डाली में फल आ गया! दवा छोड़ी, फल आया!"

मांडव उभा राहिला. हालेलुयाच्या गजरात शिल्पाला हुंदका फुटला. फळ! लेकीच्या श्वासाला फळाचा वास येतोय, म्हणजे देवानं तिला टाकलेलं नाही. कालपासून पहिल्यांदा तिचे खांदे सैल झाले.

"शिल्पे!"

ही हाक मराठीतली होती आणि रागाची होती. गर्दीतून कोपरानं वाट काढत कमळाबाई येत होत्या. रेल्वे कॉलनीत शिल्पाच्या शेजारी राहायच्या. तीस वर्षं नर्स, आणि निवृत्त झाल्यावर दर रविवारी कॉलनीतल्या चार मराठी ख्रिस्ती घरांतल्या पोरांना शुभवर्तमानातल्या गोष्टी मराठीतून सांगायच्या. पोरं बोलायची हिंदी, पण कमळाबाईंमुळे 'दाखला' म्हणजे येशूनं सांगितलेली गोष्ट, एवढं मराठी त्यांना पक्कं ठाऊक. आठ दिवस त्या अहिल्यानगरला भाचीच्या लग्नाला गेल्या होत्या. दुपारी परतल्या तर शेजारी कुलूप, आणि कुलूप का, ते समोरच्या घरातून कळलं.

त्यांनी ईशाच्या तोंडाशी नाक नेलं. चेहऱ्याचा रंग उडाला.

"हा फळाचा वास नाही ग बाई. इन्सुलिन नसलं की शरीर स्वतःची चरबी जाळतं. त्याचं विष रक्तात साठतं, त्याचा हा वास. मी वॉर्डात शंभरदा घेतलाय हा."

"मौसीजी, शक..." भाईंनी सुरुवात केली.

"तू गप रे!" कमळाबाईंनी पिशवीतून यंत्र काढलं. "ईशा, बाळ, बोट इकडे कर."

शिल्पानं पोरीचा हात झाकला. "नको मावशी. थोमासारखं होईल. शक..."

"थोमाला येशूनं काय केलं? हाकलून दिलं? अगं, स्वतः हात पुढे केला आणि म्हणाला, घाल बोट, बघ तपासून. ज्याच्याकडे खरं असतं तो तपासू देतो, शिल्पे. यंत्र काढून कोण घेतं?"

शिल्पाचा हात बाजूला झाला. रक्ताचा थेंब पट्टीला लागला. यंत्राच्या काचेवर आकडा आलाच नाही. दोनच इंग्रजी अक्षरं आली: एच, आय.

भाई वाकले, वाचलं, आणि तोंडातून शब्द निघून गेले. "देखो! मशीन भी नमस्कार कर रही है! हाय बोल रही है!"

काही लोक हसलेसुद्धा. काही माणसांना बोलायला तोंड लागतं, डोकं लागत नाही.

"नमस्काराचं हाय नाही, वर चढल्याचं हाय!" कमळाबाई ओरडल्या. "साखर इतकी चढलीय की यंत्राला मोजता येत नाही! उचल पोरीला!"

शिल्पानं उचललं. त्यानंतर मांडव कसा ओलांडला, गाडी कोणी दिली, तिला आठवत नाही. आठवतं ते एवढंच की ईशाची मान तिच्या खांद्यावर सारखी घसरत होती, आणि तो गोड वास. एकदा कळल्यावर तो वास तिला सहन होईना.

इस्पितळाच्या खिडकीवरचा माणूस घाईनं म्हणाला, "दाखिला करवाना है? बच्ची का नाम बताइए."

ईशानं डोळे अर्धवट उघडले. "आई... कौनसा दाखला? पेरणाऱ्याचा?"

शिल्पानं पोरीला छातीशी आवळलं आणि खिडकीत नाव सांगितलं. भरतीला हिंदीत दाखिला म्हणतात, आणि पोरीला मरणाच्या दारात रविवारची गोष्ट आठवली होती.

डॉक्टर आले, सलाइन लागलं, थेंबाथेंबानं इन्सुलिन सुरू झालं. "अजून दोन-तीन तास उशीर झाला असता तर..." असं म्हणत ते सलाइनचा वेग बघायला वळले. शिल्पाला पुढचं ऐकायची गरज नव्हती. संध्याकाळी पराग थेट ड्यूटीवरून आला, तिच्याकडे न बघता डॉक्टरांकडे गेला, आणि तिला तेच योग्य वाटलं. रात्रभर ती काचेच्या दारापाशी उभी होती. देवाकडे काही मागायलाही तिची जीभ उचलेना.

रविवारी पहाटे ईशाचा श्वास संथ झाला. तिनं आईला ओळखलं. नर्सनं तपासणीसाठी लघवीचं भांडं आणलं तेव्हा पोरगी पुटपुटली, "वहाँ दो कप थे. पहिला सादा. दुसरेपे क्रॉस था."

कमळाबाई ताडकन वळल्या. "काय म्हणालीस?"

शिल्पानं पर्समधला कोरा कप काढला. कमळाबाईंनी खिडकीच्या उजेडात धरला. तळाशी पांढरट थर वाळलेला. ओलं बोट फिरवून त्यांनी जिभेला लावलं आणि तोंड वाकडं केलं.

"आंबट! अस्सं होय."

शिल्पा उठली. पराग आता लेकीजवळ होता. "मावशी, त्या टोपलीत अजून किती जणांची पेनं आहेत. काल मला गवाही द्यायची होती ना? आज देते."

दुपारी मांडव पुन्हा भरला होता. कालचा प्रकार भाईंनी रातोरात पचवला होता: "शैतान नर्स का भेस लेकर आया था!" शिल्पा पायऱ्या चढली तेव्हा त्यांना आनंदच झाला. परत आलं म्हणजे पश्चात्तापानंच आलं असणार, असा त्यांचा हिशेब.

"गवाही दो, बहनजी!"

शिल्पानं व्यासपीठावर बसलेल्या सिस्टर मृदुलांसमोरच्या ढिगातून क्रूसाचे दोन कप उचलले, त्यांच्याच पट्ट्या घेतल्या. कमळाबाईंनी स्टीलचं फुलपात्र पुढं केलं. शिल्पाच्या पिशवीतल्या बाटलीत दुकानातून आणलेली साधी ग्लुकोजची पूड पाण्यात विरघळवलेली होती.

"ये मीठा पानी है," शिल्पा म्हणाली. "कोई चख लो."

पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्यानं चाखलं. "हओ, मीठो है."

तिनं ते फुलपात्रात ओतलं, पट्टी बुडवली. निळी पट्टी हिरवी झाली, मग तपकिरी. तेच पाणी क्रूसाच्या कपात ओतलं, ढवळलं, नवी पट्टी बुडवली. निळी. दुसऱ्या कपात. निळी.

"इस पानी के लिए किसीने प्रार्थना नहीं की," शिल्पा म्हणाली. "इसका मीठा कहाँ गया? कहीं नहीं गया. चखो फिर से!"

म्हाताऱ्यानं कपातलं चाखलं. "मीठोई है! थोड़ो खट्टो सोई."

कमळाबाईंनी गवाहीसाठी ठेवलेल्या माइकजवळ तोंड नेलं. "कप के अंदर विटामिन सी का पाउडर चिपकाया है. किसी भी दवा की दुकान में मिलता है. उससे शक्कर नहीं जाती, पट्टी अंधी हो जाती है. यह आदमी अंधों को आँख देने निकला था. इसने पट्टी की भी आँख फोड़ दी!"

भाई पियूष मोठ्यानं प्रार्थना करू लागले. प्रार्थना करत करत मागं सरकले. माइक अजून कानाला होता, त्यामुळे पडद्यामागे गाडीची चावी कुठे ठेवलीय, हे त्यांनी सिस्टरना विचारलेलं सगळ्या मांडवानं ऐकलं.

मग गरौठ्याची एक म्हातारी उठली आणि टोपलीकडे धावली. "ए भइया, हमाई सुई किते धरी?" तिच्यामागं सगळे. कोणी पेन शोधत होतं, कोणी गोळ्यांवरची नावं वाचून घेत होतं. कमळाबाई टोपलीशी बसून ज्याचं त्याला देत होत्या आणि प्रत्येकाला दरडावत होत्या, "इथून घरी नाही, आधी दवाखान्यात. अंदाजानं टोचू नका."

एका तरुणानं विचारलं, "मौसीजी, तो क्या प्रभु पर भरोसा न करें?"

"कर की," त्या म्हणाल्या. हिंदी विसरून मराठीतच बोलल्या, पण लोकांना कळलं. "सैतानानं येशूला देवळाच्या टोकावर नेलं आणि म्हणाला, मार उडी, देव झेलेल. येशूनं मारली का उडी? नाही! औषध टाक, देव झेलेल, असं सांगणारा कोणाची भाषा बोलतो ते तूच ओळख. आणि येशूच्या गोष्टीत वाटेत मार खाऊन पडलेल्याला त्या परक्या शोमरोन्यानं काय केलं? नुसता हात ठेवला डोक्यावर? जखमेवर तेल लावलं, पट्ट्या बांधल्या, उचलून नेलं. देव मानायचा असेल तर माना, नसेल तर नका मानू. पण डोकं घरी ठेवून कुठल्याही मांडवात जाऊ नका. कोणी चमत्कार सांगितला तर तपासू द्या म्हणा. नाही म्हणाला तर चपला घाला आणि निघा."

संध्याकाळी शिल्पा इस्पितळात परतली. पराग उठला, तिला खुर्ची दिली, आणि बराच वेळ तिच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला. ईशाला उशीला टेकवून बसवलं होतं. साखर तपासायची वेळ झाली होती. नर्सनं यंत्र आणलं, तर शिल्पानं ते मागून घेतलं. पण पोरीच्या बोटाकडे बघून तिला सुई उचलवेना. माफी कशी मागायची, कोणत्या भाषेत, हेही तिला सुचेना.

ईशानं तिच्याकडे पाहिलं आणि आपणहून बोट पुढं केलं.

"घे ना, आई," ती म्हणाली. "तपास."